जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब पुन्हा बनवता येईल का?

शटरटीव्ही | ३ जून

नमस्कार मंडळी,

बाबांनी १९७८ साली घेतलेला २० इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आमच्याकडे अजून आहे. सरकत्या शटरचं लाकडी कपाट, चार तिरके पाय, उजव्या अंगाला खटक्याचा चॅनेल नॉब. कर्वेनगरच्या गच्चीवर सिंहगडाच्या टॉवरकडे तोंड करून बांधलेली अँटेना केव्हाच गंजून गेली, पण सेट बाबांनी कुणाला देऊ दिला नाही. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं की आतून वहीचा एक कागद चिकटवलेला दिसतो. त्यावर बाबांनी शिसपेन्सिलीने प्रत्येक दुरुस्तीची तारीख, बदललेला भाग आणि खर्च मांडून ठेवलाय. शेवटची नोंद १९९१ ची आहे: 'व्हर्टिकल आउटपुट ट्रान्झिस्टर, ४५ रु.'

बाबा आता ८४ वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीत सहज म्हणाले, "हा एकदा चालू झालेला बघायचाय." तेव्हापासून मागे लागलोय. सगळे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर बदलले, दोन ट्रान्झिस्टर बदलले, पॉवर सप्लाय नीट केला. आवाज खणखणीत येतो. चित्र मात्र दहा मिनिटांनी उगवतं, तेही राखेसारखं. ब्राइटनेस वाढवला की माणसांचे चेहरे चांदीचा वर्ख लावल्यासारखे होतात आणि सगळं पसरतं.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ चार दुकानं फिरलो. सगळीकडे एकच उत्तर: "ट्यूब गेली, आता मिळत नाही, सोडून द्या." मिळत नाही हे मान्य. पण ट्यूब ही शेवटी माणसांनीच बनवलेली वस्तू आहे ना? मग ती पुन्हा बनवता का येऊ नये? किंवा हीच ट्यूब उघडून आतून नवी का करता येऊ नये? 'नाही' असं उत्तर असेल तर ते का नाही, हे मला समजून घ्यायचंय.

सोल्डरगन | ३ जून

नाशिकला ३४ वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. आधी ट्यूब खरोखर संपली आहे का ते बघा. आमच्याकडे 'ट्यूब गेली' म्हणून आलेल्या कितीतरी सेटचं दुखणं बाहेरच असायचं.

सेट बंद करा, प्लग काढा. ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबला उच्च दाबाची वीज देणाऱ्या वायरच्या, रबरी टोपीला हात लावण्याआधी तिथला चार्ज उतरवा. ट्यूबच्या पाठीवरच्या काळ्या लेपावर एक उघड्या तारेची वेणी ताणून बसवलेली असते. वायरचं एक टोक तिला, दुसरं टोक इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला लावा आणि तो टोपीखाली सरकवा. चट् असा आवाज येईल. पाच मिनिटांनी परत करा, कारण काच थोडा चार्ज धरून ठेवते. या ट्यूबला १८ हजार व्होल्टच्या आसपास लागतात, तेव्हा एकट्याने करू नका. घरात कुणीतरी हवं, आणि एक हात खिशात.

आता तीन गोष्टी बघून इथे लिहा.

मानेत, किंवा मान जिथे रुंदावते तिथे, काचेला आतून आरशासारखा डाग असतो. तो गेटर. चकाकतोय की दुधासारखा पांढरा पडलाय? पांढरा असेल तर आत हवा शिरली, विषय संपला.

सेट चालू असताना खोलीत अंधार करून मानेत डोकवा. हीटर नारिंगी दिसतो का? गनभोवती, म्हणजे मानेतल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाभोवती, जांभळा-निळा प्रकाश दिसतो का? दिसला तर आत वायू आहे.

आणि मानेच्या टोकाच्या बेसच्या पिनांवर हीटरचे व्होल्ट मोजा. ६.३ हवेत. एका गिऱ्हाइकाच्या सेटमध्ये बेसच्या सॉकेटची एक पिन काळी पडली होती आणि हीटरला जेमतेम ४ व्होल्ट मिळत होते. दोन जणांनी त्याला ट्यूब बदला म्हणून सांगितलेलं. पिन घासली आणि तो सेट पुढे सहा वर्षं चालला.

शटरटीव्ही | ५ जून

काका, सगळं बघितलं. मुलगा टॉर्च धरून उभा होता. गेटर चकचकीत आहे, कडेला जरासा तपकिरी. हीटर नारिंगी, जांभळं काही नाही. हीटरला ६.२ व्होल्ट. सॉकेट साफ केलं, फरक पडला नाही.

सोल्डरगन | ५ जून

म्हणजे निर्वात शाबूत आहे आणि कॅथोड दमलाय. ट्यूब मेलेली नाही, डीम झाली आहे.

हीटरच्या समोर निकेलची टोपी असते आणि टोपीच्या कपाळावर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप. तो ७००-८०० अंशाला तापला की इलेक्ट्रॉन सुटतात. वर्षानुवर्षं वापरून वरचा थर निष्प्राण होतो. त्यावर आम्ही बूस्टर बसवायचो. छोटा ट्रान्सफॉर्मर, हीटरला ६.३ ऐवजी साडेसात-आठ व्होल्ट द्यायचा. चित्र उजळायचं. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगायचो, की हे सहा महिन्यांचं काम आहे, फार तर वर्षाचं. दुसरा प्रकार म्हणजे हीटर जादा तापवून कॅथोडमधून थोडा वेळ जास्त करंट ओढायचा, म्हणजे वरची मेलेली साय निघून खालचा ताजा थर उघडा पडतो. लागला तर छान, नाही तर कॅथोडच उडतो. बाबांच्या ट्यूबवर हा दुसरा प्रयोग पहिल्या झटक्यात करू नका.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल: ट्यूब उघडून नवी गन घालणं ही कल्पना नाही, तो धंदा होता. 'रिगन' ट्यूब आम्ही सर्रास बसवायचो. जुनी द्यायची, वर पैसे द्यायचे, गन बदललेली घ्यायची. नव्यापेक्षा बरीच स्वस्त. चांगल्या कारागिराची असली तर नव्याच्या तोडीची चालायची, वाईट असली तर दोन महिन्यांत परत दुकानात.

बोरूबहाद्दर | ६ जून

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

निर्वात_पोकळी | ६ जून

हा धागा मला माझ्या पुतणीने पाठवला. मी पिक्चर ट्यूबच्या कारखान्यात १४ वर्षं होतो, त्यातली नऊ एक्झॉस्ट विभागात. म्हणजे जिथे ट्यूबमधली हवा काढतात. जे हातून गेलंय तेवढंच लिहितो.

नवी ट्यूब बनवणं आणि जुनी पुन्हा भरणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

नव्या ट्यूबला काच लागते. पुढचं जाड पॅनेल आणि मागचं नरसाळं. ती काच वितळवणारी भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, कारण थंड झाली की आतलं अस्तर तडकतं. दहा ट्यूबांसाठी, हजार ट्यूबांसाठीसुद्धा, तशी भट्टी कुणी पेटवणार नाही. आपल्याकडे ही काच तळोजाला होत होती, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात. नंतर भरूचला व्हिडिओकॉनचा मोठा काच कारखाना होता. ट्यूबा बंगळूर, गाझियाबाद, मोहालीला बनत. हे सगळं थांबलं आहे. रंगीत ट्यूबचं तर आणखी अवघड. पोलादी पत्र्याची लाखो भोकांची जाळी, तिच्यातूनच प्रकाश टाकून लाल-हिरवा-निळा फॉस्फर, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारी पूड, एकामागून एक छापायचा, ती जाळी त्याच पॅनेलशी जोडीने आयुष्यभर राहणार. हे छोट्या जागेत होत नाही.

पण जुन्या ट्यूबमध्ये काच आहे, फॉस्फर आहे, त्यामागचा ॲल्युमिनियमचा आरसा आहे. हे सहसा बिघडत नाही. बिघडतो तो कॅथोड, करंगळीच्या नखावर ठेवला तर हरवून जाईल एवढा भाग. म्हणून पुन्हा भरणं शक्य असतं.

कसं करतात ते सांगतो. आधी बेस काढून, मानेच्या टोकाला जी काचेची नळी वितळवून बंद केलेली असते, तिला हवा आत घेण्यासाठी कानसेने बारीक चीर पाडायची. हवा सावकाश आत गेली पाहिजे. घाईने मोडली तर आत घुसणारी हवा फॉस्फरचा थर फोडून उडवते, पडद्यावर टक्कल पडतं. मग तापलेल्या तारेने मान कापायची, जुनी गन काढायची, मानेला त्याच जातीच्या काचेची नवी नळी जोडायची, नवी गन बरोबर उंचीवर आणि बरोबर कोनात धरून ज्योतीवर फिरवत वितळवून बसवायची. तो क्षण डोळ्यांनी ओळखायचा असतो. काच लाल असते, मग जराशी मधासारखी ढिली होते, आणि तेव्हाच खाली ओढायची. आमच्या लाइनवरचे एक मामा घड्याळाकडे कधी बघत नसत. त्यांचे सांधे कधी गळले नाहीत.

त्यानंतर ओव्हनमध्ये, पंपाला जोडून. ३५० ते ४०० अंश, कित्येक तास. काचेच्या अंगात मुरलेलं पाणी आणि वायू बाहेर काढायचे असतात. ट्यूब मोठी तितकी ती हळू तापवायची आणि त्याहून हळू थंड करायची. आत वातावरणाच्या अब्जाव्या हिश्शाएवढाच दाब उरला पाहिजे. बाहेरून मानेभोवती कॉइल धरून गनचे धातूचे भाग लाल करायचे, म्हणजे त्यांच्यातला वायू निघतो. मग हीटर टप्प्याटप्प्याने वाढवायचा. कॅथोडवरच्या लेपाचं कार्बोनेट फुटून ऑक्साइड होतं आणि पंपाच्या गेजवर दाब एकदम वर जातो. तो परत खाली येईपर्यंत वाट बघायची. इथे घाई केली की ट्यूब जन्मतःच म्हातारी. मग नळी वितळवून बंद, गेटर उडवायचा. कॉइल धरली की एका क्षणात काचेवर चंदेरी ढग पसरतो. नऊ वर्षांत रोज बघितला तो ढग, तरी प्रत्येक वेळी मान वळायचीच.

गणोबा | ७ जून

फारच सुंदर माहिती. एक शंका: रंगीत टीव्हीच्या चांगल्या ट्यूबा अजून भंगारात पडतात. तशीच एखादी चांगली ब्लॅक अँड व्हाइट ट्यूब घेऊन तिची चालू गन काढून या ट्यूबला नाही का बसवता येणार?

निर्वात_पोकळी | ७ जून

नाही. सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं, आम्हालाही प्रशिक्षणात हेच सुचलं होतं. कोरी गन कारखान्यात येते तेव्हा तिच्या कॅथोडवर कार्बोनेटचा लेप असतो. तो हवेत टिकतो. एकदा निर्वातात तापवून त्याचं ऑक्साइड झालं की मग त्याला हवा लागता कामा नये. हवेतली वाफ लागली की ऑक्साइड ओलं होतं, फुगतं, सुटतं. चांगल्या ट्यूबची मान कापलीत की तिचा कॅथोडही गेला. आणि मुळात चांगली ट्यूब हाती असेल तर ती कापायची कशाला, ती तशीच बसवा!

जुन्या गनवर नवा कॅथोड चढवणं मात्र शक्य आहे. निकेलची टोपी पूर्ण खरवडून स्वच्छ करायची, तिच्यावर तिहेरी कार्बोनेट, म्हणजे बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम, बाइंडरमध्ये कालवून फवारायचं. पण कॅथोड आणि पहिल्या ग्रिडच्या (इलेक्ट्रॉनचा झोत कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या टोपीच्या) भोकात अंतर मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास असतं. ते चुकलं की चित्र एकतर काळं होत नाही किंवा उजळत नाही. कोऱ्या गनांचा साठा कुठे पडून असेल तर ते सोनं समजा.

मुक्ताई | ८ जून

मी निर्वात तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते. पंपाच्या बाजूने लिहिते, कारण अडचण तिथेच असेल असं पुष्कळांना वाटतं आणि ती तिथे नाही.

कारखान्यांमध्ये तेलाचे डिफ्यूजन पंप होते, त्यांच्या तेलाची वाफ उलटी येण्याची भीती असायची. आज टर्बोमॉलिक्युलर पंप मिळतात. एका ट्यूबसाठी छोटा पंप, त्यामागे सुरुवातीची हवा काढणारा रफिंग पंप, दाब मोजायला गेज आणि शेष वायू ओळखायला एक मास स्पेक्ट्रोमीटर असला की आपण आत नेमकं काय सुटतंय ते पडद्यावर बघू शकतो. तेव्हाच्या मामांना जे अंदाजाने करावं लागे त्यातलं बरंचसं आज मोजता येतं. ओव्हनला प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर सहज मिळतो. पंपांचा खर्च काही लाखांत जातो, पण देशातल्या अनेक विद्यापीठांमध्ये ही सामग्री आधीच आहे. एखाद्या विभागाने विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून हे केलं तर त्यातून शिकण्यासारखं प्रचंड आहे. मी स्वतः मार्गदर्शन करायला तयार आहे.

खरी अडचण काचेची. आमच्याकडचे ग्लास ब्लोअर उत्तम आहेत, पण त्यांचा हात बोरोसिलिकेटवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उष्णता सोसणाऱ्या काचेवर, बसलेला. ट्यूबची मान शिशाच्या काचेची. तापल्यावर ती बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. दोन्ही जोडल्या तर सांधा ज्योतीत छान दिसेल आणि थंड होताना तडकेल. शिवाय शिशाच्या काचेला ऑक्सिजन जास्त असलेली ज्योत लागते, नाही तर काचेतलं शिसं मोकळं होऊन सांधा काळा पडतो. आमच्या ग्लास ब्लोअरना मी हा धागा दाखवला. म्हणाले, "मॅडम, शिशाची नळी आणून द्या, महिनाभर मोडतोड करू द्या, मग सांगतो." मला हे उत्तर फार आवडलं.

ओहायोकर | ९ जून

मी मूळचा मिरजेचा, गेली २२ वर्षं कोलंबसजवळ. इथून जवळच हिलियार्ड गावात अर्ली टेलिव्हिजन म्युझियम आहे. मुलांना घेऊन दोनदा गेलोय. युद्धाआधीचे सेट आहेत, आणि आरसीएचा १९५४ चा सीटी-१०० हा पहिल्या रंगीत सेटांपैकी एक. किंमत तेव्हा हजार डॉलर. त्याच्या १५जीपी२२ या ट्यूबमध्ये काच आणि धातू यांचा जोड आहे आणि तो जोडच कालांतराने हवा आत घेतो. सेट जपून ठेवलेले आहेत, ट्यूबा आपोआप मरताहेत. कपाटात ठेवूनही वाचत नाहीत.

अमेरिकेत ट्यूबा पुन्हा भरणारं शेवटचं दुकान आयोवातल्या डे मॉइनचं हॉक-आय. ते २०१० मध्ये बंद झालं आणि त्यांची यंत्रं या म्युझियमने घेतली. युरोपातलं शेवटचं, फ्रान्सचं आरएसीएस, २०१३ मध्ये बंद झालं. म्हणजे आपण जे विचारतोय ते दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत पैसे देऊन करून मिळत होतं. मला याचंच वाईट वाटतं. तेव्हा कुणी त्या लोकांजवळ वर्षभर बसून शिकलं असतं तर!

चाकोरीबाहेर | ९ जून

मंडळी, भावना समजतात, पण कपाट तेच ठेवून आत एलसीडी बसवला तर बाबांना चित्र दिसेल, वीज कमी लागेल, धोका नाही. एका ट्यूबसाठी विद्यापीठं, पंप, भट्ट्या... हा खर्च कुणी आणि का करायचा?

शटरटीव्ही | १० जून

तुमचा मुद्दा मी बाबांसमोर ठेवला. ते एवढंच म्हणाले, "मग तो टीव्ही नाही, कपाट आहे." मला त्यांचं पटतं. सेट चालू केल्यावर आधी कर्र आवाज, काचेला हात लावला की केस उभे राहणं, बंद केल्यावर मधोमध आकसत जाणारा ठिपका. ते सगळं त्या ट्यूबचं आहे.

मुक्ताई | १० जून

याच प्रश्नाचं एक मोठं उदाहरण दक्षिण कोरियात आहे. नाम जून पाइक या कलावंताने १९८८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कला संग्रहालयासाठी १००३ टीव्हींचा मनोरा उभारला. ट्यूबा जुन्या झाल्या, धोका वाटू लागला, २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. संग्रहालयाने ७३७ ट्यूबवाले सेट दुरुस्त करून किंवा जुने मिळवून तसेच ठेवले, वरच्या भागातल्या २६६ छोट्या सेटांच्या जागी सपाट पडदे बसवले आणि २०२२ मध्ये मनोरा पुन्हा सुरू केला. जिथे ट्यूब वाचवता आली तिथे वाचवली. एवढ्या मोठ्या संस्थेलाही नव्या ट्यूबा बनवता आल्या नाहीत, आणि तरीही सगळीकडे सपाट पडदे लावून मोकळं व्हावं असं त्यांना वाटलं नाही. दोन्ही गोष्टी आपल्याला उपयोगाच्या आहेत.

खेळगडी८९ | १० जून

जुन्या व्हिडिओ गेमवाल्यांनाही हाच प्रश्न आहे. पडद्यावर नेम धरायची प्लास्टिकची बंदूक सपाट टीव्हीवर चालतच नाही, कारण ती ट्यूबवर ओळीओळीने सरकणारा उजेड टिपते. रंगीत ट्यूबांना गिऱ्हाईक आहे एवढंच सांगायचं होतं.

सोल्डरगन | ११ जून

मला सगळ्यात काळजी वाटते ती भंगाराची. गेल्या महिन्यात भंगाराच्या गल्लीत उभा होतो. पोरगा एकामागून एक सेट घेत होता. योकचं, म्हणजे मानेवर बसवलेल्या किरण वळवणाऱ्या कॉइलचं, तांबं हवं असतं, म्हणून पहिला हातोडा मानेवर. फुस्स आवाज आला की पुढचा. पाच मिनिटांत चार ट्यूबा. त्यातली एक २० इंची ब्लॅक अँड व्हाइट होती, काच स्वच्छ, पडद्यावर डाग नाही. मी ओरडेपर्यंत मान गेली होती. त्या पोराचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण उघड्या हातांनी, चष्मा नाही, काचेत शिसं, आतली पावडर अंगावर. नरसाळ्याच्या काचेतलं शिसं आणि जुन्या फॉस्फरमधलं कॅडमियम हे काही अंगाला लावून घ्यायचे पदार्थ नाहीत. हे काम परवाना असलेल्या ई-कचरा केंद्रातच व्हायला हवं.

आणि ट्यूब घरात नेणाऱ्यांनाही सांगतो. २० इंची पडद्यावर बाहेरच्या हवेचा दाब मिळून सव्वा टनाच्या आसपास भरतो. मानेला धरून ट्यूब कधीही उचलायची नाही. पडदा पोटाशी, मान बाहेर. ठेवताना पडदा खाली, जाड गोधडीवर.

निर्वात_पोकळी | ११ जून

माझं मत लिहून ठेवतो, मग तुम्ही ठरवा.

ब्लॅक अँड व्हाइट ट्यूब पुन्हा भरणं आजही होऊ शकतं. एकच गन, जाळी नाही, मान सरळ. मुक्ताईंचा पंप, शिशाची काच हाताळणारा एक माणूस, कॅथोडचा लेप देणारा एक माणूस, आणि पहिल्या वीस-पंचवीस ट्यूबा वाया जाणार हे मान्य करण्याची तयारी. धंदा म्हणून होणार नाही, किंमत कुणाला परवडणार नाही. संग्रहालय किंवा विद्यापीठ यांच्या आसऱ्याने होईल. रंगीत ट्यूबचीही गन बदलता येते, पण तीन किरण एका बिंदूत आणायचे तर गन बसवतानाच कोन अचूक लागतो. तिथून सुरुवात करू नये.

मात्र त्या वीस-पंचवीस ट्यूबांसाठी मेलेल्या पण न फुटलेल्या ट्यूबा लागणार. मान शाबूत, पडदा स्वच्छ. त्या आज मानेवरच्या हातोड्याखाली चालल्या आहेत. माझं वय ६७. आमच्या लाइनवरचे किती जण उरलेत ते मी मोजत नाही. ज्यांना कुणाला शिकायचं असेल त्यांना मी येऊन सांगीन, माझा हात अजून थरथरत नाही.

कृष्णाकाठ | १२ जून

शटरटीव्ही, तुमच्या ट्यूबच्या पाठीवर जे लेबल असेल त्यावरचा नंबर टाका. माझ्या आजोळी वाईला माळ्यावर एक २० इंची सेट आहे. १९८४ मध्ये घेतला आणि दोन-तीन वर्षांत रंगीत आला म्हणून वर गेला तो गेलाच. कपाट वाळवीने खाल्लंय. ट्यूब कशी आहे माहीत नाही.

शटरटीव्ही | २३ जून

उशीर झाला, पण सांगण्यासारखं घडलं म्हणून.

कृष्णाकाठ यांच्या आजोळी रविवारी गेलो. माळ्यावर शेणी, तांब्याचा बंब आणि मागे तो सेट. कपाटाला हात लावला तर पीठ सांडलं. पण ट्यूब! काचेवर धुळीचा थर पुसला आणि खाली निळसर करडा पडदा, एक ओरखडा नाही. गेटर आरशासारखा. नंबर एकच, मानेची जाडी एकच, पिना एकच. त्यांच्या आजींनी एक पैसा घेतला नाही. वर चहा आणि कंदी पेढे.

घरी आणून सोल्डरगन काकांना व्हिडिओ कॉल लावला. ते तिकडून सांगत होते, मी इकडे करत होतो. आधी ट्यूब न बसवता नुसता हीटर तापवला, एकदम ६.३ नाही, दोन व्होल्टपासून वर वर, तासभर. ३५ वर्षं निजलेल्या कॅथोडला हळू उठवा, असं त्यांचं म्हणणं. मग योक जुन्या ट्यूबवरून उतरवून नव्यावर चढवला, वेणी ताणली, टोपी बसवली. दूरदर्शनचं अँटेनावरचं जुनं प्रक्षेपण तर आता नाही, म्हणून सेटटॉप बॉक्सला व्हीएचएफ मॉड्युलेटर (चित्र जुन्या चॅनेलच्या लहरींवर चढवणारी डबी) लावून वायर अँटेनाच्या स्क्रूंना जोडली.

सेट चालू केला. अर्ध्या मिनिटात कर्र झालं. चित्र तिरकं होतं, योक थोडा फिरवला, सरळ झालं. सह्याद्रीवर बातम्या लागल्या होत्या. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले आणि उठून स्वतः कॉन्ट्रास्टचा नॉब डावीकडे किंचित फिरवला. पूर्वीही असंच करायचे. आम्ही कुणी काही बोललो नाही.

बातम्या संपल्यावर त्यांनी झाकण मागितलं, पेन्सिल मागितली. १९९१ च्या खाली लिहिलं: 'पिक्चर ट्यूब. वाई. खर्च: पेढे.'

बूस्टर बसवलेला नाही, बसवणारही नाही. दिवसाला अर्धा तास, एवढंच ठरवलंय.

जुनी ट्यूब फेकलेली नाही. मान शाबूत, पिनांवर टोपी, पडदा खाली करून खोक्यात गोधडीत ठेवली आहे. निर्वात काका आणि मुक्ताई, ही तुमच्या वीस-पंचवीसमधली पहिली धरा.

मुक्ताई | २४ जून

धरली. आमच्या ग्लास ब्लोअरनी शिशाच्या काचेची नळी शोधायला सुरुवात केली आहे. निऑन साइनच्या जुन्या कारागिरांकडे ती असू शकते, असा त्यांचा अंदाज. कुणाच्या ओळखीत निऑनचं काम करणारे जुने लोक असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गणोबा | २४ जून

कोल्हापुरात माझ्याकडे दोन आहेत, एक २० इंची, एक १२ इंची. दोन्ही मेलेल्या, दोन्हींची मान साबूत. पुण्याला कशा पाठवायच्या, एसटीच्या टपावर की डिकीत?

सोल्डरगन | २४ जून

दोन्ही नको! शनिवारी मी नाशिकहून कोल्हापूरला लेकीकडे चाललोय, येताना गाडीत मागच्या सीटवर आणतो. दोन जाड गोधड्या काढून ठेवा.